दोन-सहा

पुण्याच्या कंपनीसाठी मी बटणांवरचे शब्द लिहिते,
पिंपळखुट्यात, गिरणीमागच्या खोलीत,
जिथे नेटवर्क येतं ते फक्त खिडकीत.
"विकत घ्या" म्हटलं की माणूस थबकतो,
"माझ्यासाठी ठेवा" म्हटलं की बोट पुढे येतं.
असल्या गोष्टींचा मला पगार मिळतो.

साइटवर बांगड्या आहेत. काचेच्या, फिरोजाबादी,
त्याच, ज्या बाबा मंगळवारी
बाजारात गोणपाटावर मांडून बसतात.
मी लिहिते : फक्त तीन डझन शिल्लक.
मी लिहिते : आत्ता सतरा जणी हेच पाहत आहेत.
बाबा मागे उभे, बशीत चहा ओतत.
"कोन्या सतरा जनी?"
कोणी नाही, बाबा. आकडा आपोआप बदलतो.
"मी बी सांगतोच ना, शेवटचा डझन हाय म्हनून.
खाली पेटी भरेल रायते."
हसतात. मग हसू अर्ध्यात ठेवून,
"पन अचल, पुढच्या मंगयवारी
मले तिच्याच समोर बसा लागते."

मनगट पाहून त्यांना माप कळतं.
दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ.
हात हातात घेऊन अंगठ्याखालचं हाड दाबतात
तेवढ्यात कळतं,
बाई किमतीला कचरते की रंगाला,
आणि लांब उभी राहून कांदे निवडणारी ती
सासू आहे का.
हात दिलेली बाई सहसा उठत नाही,
म्हणून आधी एक बांगडी नुसतीच चढवून बघायची.
ही युक्ती मला ट्रेनिंगच्या तिसऱ्या दिवशी
भल्यामोठ्या नावाने शिकवली होती.

मार्चात एक बाई टोपली भरून
पैसे न भरताच निघून गेली.
सुमित्रा. तालुका आर्वी.
हिरव्या, दोन-सहा, दोन डझन.
शेवटच्या बटणावर तिचं बोट
चाळीस सेकंद घुटमळलं होतं.
आमच्या नकाशात तिथे लाल डाग दिसतो.
चाळीस सेकंद म्हणजे मन झालेलं आहे,
असं आम्ही धरतो.

पहिला मेसेज : तुमच्या टोपलीत काहीतरी राहिलंय.
दुसरा : बांगड्या तुमची वाट पाहत आहेत.
तिसरा, दहा टक्के सूट लावून :
मनगट सुनं का ठेवता?
या ओळीला ग्रुपवर टाळ्या पडल्या होत्या.

उत्तर बाराव्या दिवशी आलं.
"ताई, त्याच रात्री ह्यांना दवाखान्यात नेलं.
आता नका पाठवू."

बाबांना वाचून दाखवलं.
ते बशी विसळून आले, पालथी घातली.
खूप वेळाने म्हणाले,
"रिकामा हात दिसला तं मी हाक देत नाई."
आणि मग, मी विचारलंही नव्हतं,
"टाकयीची एक बाई येते दिवायीच्या आधी.
लेकीसाठी पायजे म्हनते. चॉकलेटी.
माप सोताचंच सांगते.
लेक हाय कुठी तिले!"
तुम्ही काय म्हणता मग?
"म्हनतो, लेकीले बरोबर बसतीन.
दुसरं काय म्हनाव?"

रात्री सिस्टीम उघडली.
नियम लिहायला रकाने आहेत :
वय, गाव, किती वेळ थांबली,
कितीदा परत आली.
का गेली, याला रकाना नाही.
तिसरा मेसेज बंद करून टाकला,
सगळ्यांसाठीच.
शुक्रवारी विचारतील, आकडा का घसरला.
अजून काही सुचलेलं नाही.
सतरा जणी तशाच आहेत,
त्यांना हात लावायची हिंमत झाली नाही.

पलीकडे बाबा उद्याची पेटी भरतायत.
चॉकलेटी वेगळ्या काढून
जुन्या पेपरात गुंडाळतायत, दिवाळी लांब असून.

सुमित्राची टोपली अजून तशीच दिसते.
ती रिकामी करायचा अधिकार माझ्याकडे नाही,
नव्वद दिवसांनी आपोआप होते.
हिरव्या. दोन डझन.
आज एकेचाळिसावा.